नदी बंद होती ते अकरा दिवस

नावेवर तिला सगळे आत्या म्हणायचे. खरं तर ती आत्या फक्त दोघींची, भावाच्या मुलींची. पण एकवीस वर्षांपूर्वी त्या दोघी शाळेत जाताना रोज नावेत बसायच्या आणि सुकाणूपाशी उभ्या असलेल्या बाईला मोठ्यांदा हाका मारायच्या, "आत्या, दप्तर काठावरच राहिलं!" ऐकून ऐकून शेजारच्या बाकावरची बाई तसं म्हणायला लागली, मग मागचे दोघं, मग सगळेच. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले एक पेन्शनर गृहस्थसुद्धा तिला आत्याच म्हणत आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे.

नाव मुळात दादाची, म्हणजे तिच्या थोरल्या भावाची. आत्या तेव्हा ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात कामाला होती. एका पावसाळ्यानंतर दादाचा उजवा खांदा धरला तो सुटेचना. "चार दिवस तू चालव, तोवर मी हात मोकळा करतो," असं तो म्हणाला. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. दादाचा खांदा पुढे बरा झाला, पण तोपर्यंत आत्याला नावेचं वेड लागलं होतं, आणि दादालाही घरी बसून दोरखंड विणण्याची आणि नावेतल्या चुका खिडकीतून मोजण्याची गोडी लागली होती. आत्यानं लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "रोज छत्तीस माणसं सांभाळते. त्यात सदतिसावं कुठं बसवू?"

राजधानीत नद्या दोन. रुंद, संथ ती थोरली आणि डोंगरातून उड्या मारत येणारी ती धाकटी. दोघी भेटतात त्या ऐन सरकारी इमारतींसमोर. धाकटी येताना वाळू घेऊन येते आणि थोरलीच्या दारात टाकून मोकळी होते. पसारा एकीचा, आवरायचं दुसरीनं. त्यामुळे संगमाखाली पाण्यात वाळूचा एक लांबलचक दांडा तयार झालाय आणि तो एका जागी कधी राहत नाही. यंदा डावीकडे, तर पुढच्या पुरानंतर पन्नास पावलं उजवीकडे. आत्या या दांड्याच्या खालच्या अंगानं नाव काढायची. या काठावर घरं, त्या काठावर कचेऱ्या, मोठं हॉस्पिटल आणि दोन-तीन कारखाने. मधे नऊ मिनिटांचं पाणी.

तिला एक खोड होती. उतारूंची नावं ती विचारायची नाही. स्वतःच देऊन टाकायची. फुटक्या काचेशी बसणारे ते खिडकीवाले. ऊन असो वा पाऊस, छत्री उघडूनच बसणाऱ्या त्या छत्रीवाल्या बाई. दोघी बहिणी होत्या, त्या थोडं-जास्त, कारण एक सगळ्या गोष्टी थोडक्यात सांगायची आणि दुसरी त्यात भर घालायची. आणि पुढच्या बाकावर डॉक्टर. पांढराशुभ्र कोट, कमी बोलणं, स्वच्छ नखं. डॉक्टरांसाठी ती जागा राखून ठेवायची. दुसरं कोणी बसू लागलं तर नुसती बघायची. तेवढं पुरायचं.

मग एका बुधवारी सकाळी नदी पोलिसांनी धक्क्यावरच्या खांबाला कागद चिकटवला. राजधानीत देशोदेशीच्या प्रमुखांची परिषद भरणार होती. शुक्रवारपासून अकरा दिवस दोन्ही नद्यांवर खाजगी नाव, होडी, वाळूचा पडाव, वल्हवायच्या क्लबाच्या बोटी, काहीही चालणार नाही. सगळ्या नावा वरच्या गोदीत बांधायच्या आणि इंजिनाच्या किल्ल्या जमा करायच्या. सरकारी इमारतींसमोर पिवळे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारी पिंपं लागतील. त्यांच्या आत पोलिसांच्या बोटी सोडून कोणी शिरायचं नाही.

खिडकीवाल्यांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे आम्ही उडत जायचं?"

"पूल आहे की," शिपाई म्हणाला.

पूल होताच. पण तो पार वर, आणि त्यावरही तपासणीच्या रांगा लागणार होत्या. नऊ मिनिटांच्या जागी सव्वा तास. आत्याची वहिनी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात कामाला होती. चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिनं कागद वाचला, स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं आणि नणंदेला म्हणाली, "वन्सं, हे काही खरं नाही."

शुक्रवारी आत्यानं नाव गोदीत नेऊन बांधली. किल्ली पाकिटात गेली, पाकिटावर लाख बसली, तिची सही झाली. घरी येताना तिला हातांचं काय करावं ते कळेना. पहिल्या दिवशी तिनं स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा घासला. दुसऱ्या दिवशी तेच डबे परत घासायला घेतले, तेव्हा दादा दोरखंडावरची नजर न काढता म्हणाला, "पत्रा झिजेल. जरा बाहेर पड. माणसं जमिनीवरही राहतात म्हणे."

म्हणून ती शनिवारी वहिनीला सोबत करायला पुलावरून चालत निघाली. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. अर्ध्या पुलावर वहिनी गुडघा चोळायला थांबली आणि आत्यानं कठड्यावरून खाली पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं आपली नदी वरून कधी पाहिलीच नव्हती. पाणी अगदी मोकळं. एक होडी नाही, एक पडाव नाही. दोन नद्यांचे दोन रंग वेगवेगळे दिसत होते, आणि ते मिसळत होते तिथे वाळूचा दांडा पाण्याखालून फिकट तपकिरी दिसत होता.

"अगं बाई!" ती म्हणाली.

"काय झालं?"

"बोये वाळूवर लावलेत. ती बघ, पाण्याला सुरकुती पडलीय ना, तिथेच. खोल वाट बाहेर सोडली आणि पोलिसांच्या बोटी उथळातून फिरवतायत."

"फिरतायत ना नीट?"

"आज फिरतील. उद्या रविवार. रविवारी वरच्या धरणाची दारं लावतात. सोमवारी सकाळी इथलं पाणी हातभर उतरलेलं असतं."

वहिनी एकवीस वर्षं नणंदेच्या तोंडून पाण्याच्या गोष्टी ऐकत आली होती. ती म्हणाली, "मग मला काय सांगता? त्यांना सांगा. न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत आणि बोलणाऱ्याचे कुळीथही खपतात."

बंदोबस्ताचं कार्यालय वल्हवण्याच्या क्लबाच्या हॉलमध्ये थाटलं होतं. भिंतीवर जिंकलेले चषक, खाली सरकारी टेबलं, टेबलांवर नकाशे. मुख्य साहेब समुद्रकाठच्या ठाण्यावरून खास बोलावलेले. उंच, शिस्तीचे, आणि नदीकाठच्या फुलोऱ्यानं त्यांना शिंका लागलेल्या. आत्यानं उभ्या उभ्याच सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. मग नकाशावर बोट ठेवलं. "बाई, दांडा इथे आहे. बोये इथे आहेत. मधे भरपूर अंतर आहे."

"नकाशा कधीचा?"

"चार वर्षांपूर्वीचा. सरकारी मोजणी आहे."

"असेल. नदीला कळवलंय का तसं?"

बाजूच्या शिपायानं मान खाली घातली. साहेब हसले नाहीत, पण शिंकले. "आणखी काही?"

"आणखी म्हणजे, आमच्या नावेत तेवीस माणसं हॉस्पिटलच्या कामाची आहेत. धुलाई, स्वयंपाक, नर्सेस. ती पुलावरून सव्वा तास चालून जातात आणि मग दिवसभर उभी राहतात. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, एवढ्या दोनच फेऱ्या करू द्या. तुमचा माणूस नावेत बसवा हवं तर."

"ते शक्य नाही. एकाला दिलं की सगळे येतील." हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, दमलेल्या माणसासारखं म्हटलं.

आत्यानं वाद घातला नाही. टेबलावरच्या चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहिला, खाली लिहिलं, "सोमवार, सकाळी नऊच्या सुमारास", आणि निघाली.

घरी दादा म्हणाला, "झालं? आता ते म्हणणार, कोण ही बाई नदीचं भविष्य सांगणारी."

सोमवारी नऊला दहा मिनिटं असताना फोन वाजला. पलीकडे शिपायाचा आवाज. "बाई, साहेबांनी विचारलंय, तुम्ही येऊ शकता का? जरा लवकर."

पोलिसांची सगळ्यात मोठी बोट मुख्य सरकारी इमारतीच्या पायऱ्यांसमोर, रांगेनं लावलेल्या झेंड्यांच्या देखत, वाळूवर बसली होती. आणि अकरा वाजता पाहुणे त्याच पायऱ्यांवरून खाली उतरून फोटो काढणार होते. आत्याला छोट्या होडीतून तिथे नेलं तेव्हा बोटीवरचे जवान इंजिन सगळ्या जोरानं मागे रेटत होते आणि मागून चहासारखं गढूळ पाणी उसळत होतं.

"बंद करा ते आधी!" आत्या ओरडली. तिचा आवाज एकवीस वर्षं इंजिनावरून बोलून तयार झालेला. "वाळू ओढतंय इंजिन. दहा मिनिटांत घशाला बसेल त्याच्या."

जवानांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पायऱ्यांवर उभे होते, हातात रुमाल. त्यांनी फक्त मान हलवली. इंजिन बंद झालं आणि अचानक सगळीकडे शांत झालं.

मग आत्यानं जे केलं ते दादानं तिला शिकवलं होतं, आणि दादाला त्यांच्या वडिलांनी. बोटीचा नांगर छोट्या होडीत घेतला, मागच्या बाजूला पन्नास हात दूर, खोल पाण्यात नेऊन टाकला. दोर बोटीवरच्या रहाटाला गुंडाळला. सहा जवानांना आणि इंधनाच्या डब्यांना बोटीच्या मागच्या टोकाला नेलं, म्हणजे पुढचं नाक हलकं होईल. "आता रहाट फिरवा. हळू. घाई करू नका, ती काय पळून जात नाही."

दोर ताणला, कुरकुरला. बोट हलेना. आत्यानं जवानांना एकदा सगळ्यांनी डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकायला सांगितलं. सहा धट्टेकट्टे गडी एका बाईच्या हुकमावर डुलत होते, आणि पायऱ्यांवर झेंडे लावणारी माणसं काम सोडून बघत होती. विसाव्या की पंचविसाव्या झोक्याला बोटीखालून वाळू सुटली आणि बोट आपली आपण, अगदी अलगद, मागे सरकली. पुढच्या टोकाला एकटाच राहिलेला जवान धप्पकन खाली बसला. कोणी टाळी वाजवली नाही, पण सगळे एकदम हसले.

आत्या पायऱ्यांपाशी आली. तिच्या चपला ओल्या झाल्या होत्या. "मी सांगितलं होतं" हे तीन शब्दही ती बोलली नाही. साहेबच म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतंत." मग म्हणाले, "समुद्राचा तळ असा महिन्या-महिन्याला घर बदलत नाही हो."

"नदी भाड्याच्या घरात राहते, साहेब."

या वेळी ते हसले. दुपारी पाहुण्यांचे फोटो झाल्यावर ते स्वतः तिच्याबरोबर बोटीत बसले. आत्यानं लांब काठी घेतली आणि पाण्यात ठिकठिकाणी खुपसत खोली सांगत गेली. शिपाई आकडे लिहीत गेला. उंटावरून शेळ्या हाकणारा साहेब आणि पाण्यात उतरणारा साहेब यांतला फरक तिला कळत होता. या माणसाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या आणि पाण्यावर आल्यापासून तो एकदाही शिंकला नव्हता. बोये साठ पावलं बाहेर, नदीच्या मध्याकडे सरकवले गेले. त्यामुळे पोलिसांना खोल वाट मिळाली, आणि त्या ओळीच्या बाहेर, खालच्या अंगाला, पाण्याची एक चिंचोळी पट्टी मोकळी उरली.

साहेब त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. "तुमची नाव किती रुंद आहे?"

"मावेल."

"सकाळी साडेसहा. संध्याकाळी सहा. फक्त हॉस्पिटलच्या कामाची माणसं. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता, कामाची जागा, ओळखपत्राचा नंबर. यादी मला उद्या दुपारपर्यंत हवी. यादीत नाव नाही, त्याला नावेत जागा नाही."

आत्या "हो" म्हणून घरी आली, वही उघडली, वर "यादी" असं लिहून खाली रेघ मारली आणि तिथेच घोडं अडलं. तेवीस माणसं डोळ्यांसमोर दिसत होती. कोण कुठे बसतं, कोणाला बोट लागते, कोणाचा मुलगा परीक्षेत अडकलाय, सगळं तोंडपाठ. वहिनी सोडली तर नाव एकाचंही माहीत नव्हतं.

दादाला गंमत वाटली. "लिही की. एक, छत्रीवाल्या बाई. दोन, थोडं. तीन, जास्त. साहेब म्हणतील, ही टोळी कुठली?"

"तू गप्प बस. तुझं नाव तरी मला आठवतंय ते नशीब समज."

त्याच संध्याकाळी ती वही घेऊन त्या काठावर, पुलाच्या तोंडाशी असलेल्या बस थांब्यावर गेली. पुलाकडे जाणारी तिची माणसं तिथे जमत. तिला पाहून सगळ्यांनी गलका केला. ती एकेकाला विचारत गेली आणि लिहीत गेली. छत्रीवाल्या बाई हॉस्पिटलच्या रक्तपेढीत होत्या. थोडं आणि जास्त या बहिणी नव्हत्याच, मावशी-भाची होत्या, आणि भाची वयानं मोठी होती. खिडकीवाले कचेरीत होते, म्हणून यादीत बसत नव्हते. ते म्हणाले, "काही हरकत नाही आत्या, मी चालतो. माझी काच तेवढी राखून ठेवा." शेवटी ती डॉक्टरांपाशी आली.

"डॉक्टर, तुमचं नाव सांगा. आणि कुठला विभाग?"

डॉक्टरांनी नाव सांगितलं. मग घसा खाकरला. "विभाग… भट्टी."

"म्हणजे?"

"पावाचा कारखाना आहे ना, हॉस्पिटलच्या मागे. तिथे भट्टीवर असतो मी."

आत्याची पेन्सिल हवेत राहिली. "आणि हा कोट?"

"आम्हाला घालावाच लागतो. मी नावेनं येऊ लागलो त्या वर्षी तुम्ही म्हणालात, 'डॉक्टर, पुढे बसा.' माझी पाठ दुखत होती, बसलो. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, पण तुम्ही दोर सोडत होतात. मग म्हटलं उद्या सांगू." त्यांनी मान खाली घातली. "त्याला बारा वर्षं झाली."

वहिनी पुढे आली. "आणि माझा गुडघा? तुम्ही मला मिठाच्या गरम पिशवीनं शेकायला सांगितलंत, रोज दोन वेळा!"

"माझ्या आईला त्यानं बरं वाटायचं."

"मला वाटलं मोठा उपचार आहे!"

"गुण आला का?" त्यांनी भीत भीत विचारलं.

वहिनीनं गुडघा चाचपला. "आला," ती नाइलाजानं म्हणाली. त्यावर जो हशा झाला, तो ऐकून रांगेतला तपासणीचा शिपाईसुद्धा वळून बघायला लागला. आत्या तर वहीवर डोकं टेकून हसत होती. डॉक्टर आधी शरमले, मग तेही हसू लागले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे दात दिसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी यादी वाचली. तेविसाव्या नावावर बोट थांबलं. "हा पावाच्या कारखान्यातला. हॉस्पिटलच्या कामाचा कसा?"

"हॉस्पिटलात सकाळी सहाशे माणसं पाव खातात, साहेब. तो कुठून येतो ते विचारून आलेय मी. पाव वेळेवर गेला नाही तर गोळ्या रिकाम्या पोटी घ्याव्या लागतील."

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग शिंकले आणि सही केली.

उरलेले सहा दिवस ती नाव चालली. सकाळी साडेसहाला शिपाई धक्क्यावर यादी आणि इंजिनाची किल्ली घेऊन उभा राही आणि पूर्ण नावं पुकारी. पहिल्या दिवशी कोणी ओ दिलीच नाही, कारण आपलं नाव या धक्क्यावर ऐकायची कोणाला सवयच नव्हती. नदीवर दुसरी एकही नाव नसायची. पाणी आरशासारखं, आणि त्यावर एकट्या आत्याच्या नावेची रेघ. एरवी तिला पडाव चुकवावे लागत, क्लबच्या पोरांवर ओरडावं लागे. त्या सहा दिवसांत ती सुकाणूवर एक हात ठेवून नुसती उभी असायची, आणि थोरली नदी तिला आपल्या अंगणासारखी वाटायची. कधी कधी वाटायचं, परिषद आणखी चार दिवस लांबली तरी चालेल. मग पुलावरून चालत येणारे खिडकीवाले आठवायचे आणि तिला आपलाच राग यायचा.

परिषद संपली, पाहुणे गेले, किल्ली कायमची परत मिळाली. वर्दळ पहिल्यासारखी सुरू झाली, ओरडाआरडाही. बोये मात्र तिथेच राहिले. सरकारी इमारतींसमोरून आता कायमचीच बंदी आहे, आणि आत्याची नाव त्या चिंचोळ्या पट्टीतून वळसा घालून जाते. नऊ मिनिटांची अकरा झाली. सुरुवातीला थोडी कुरकुर झाली. मग उतारूंना गप्पांसाठी ती वाढलेली दोन मिनिटंही पुरेनात.

साहेब आपल्या समुद्राकडे परतले, पण जाण्याआधी एक काम करून गेले. त्यांच्या अहवालामुळे नदी कार्यालय आता दर पुरानंतर आत्याला बोलावतं. दोन इंजिनिअर, एक छोटी होडी आणि ती. इंजिनिअरांकडे खोली मोजायचं यंत्र आहे, आत्याकडे काठी. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लिहितात. बहुतेक वेळा ते जुळतात. गेल्या वर्षी एका जागी जुळले नाहीत. इंजिनिअर म्हणाला, "यंत्र अडीच हात दाखवतंय." आत्या म्हणाली, "खाली बुडालेलं झाड आहे. फांद्या मोजताय तुम्ही." त्यांनी होडी थांबवली, गळ टाकला, आणि अर्ध्या तासानं काळी, चिखलानं माखलेली, माणसाच्या दंडाएवढी जाड फांदी वर आली. ती होडीला बांधून त्यांनी काठाकडे ओढत आणली. दादा खिडकीत उभा राहून, दोर कसा चुकीचा बांधलाय, ते तिथून ओरडून सांगत होता.